टोटल कोलेस्टेरॉल १९६, मग लिव्हरला चरबी कशी?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून) :

"ताई, मी सांगलीचा, वय ४२, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमधे सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ निघालं. दारूला हात लावत नाही, मटण महिन्यातून एकदोनदा. उंची पाच फूट सहा इंच, वजन ६८, म्हणजे मला कोणी जाडा म्हणत नाही, पोट तेवढं सुटलंय. रिपोर्ट असा : टोटल कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २३८, व्हीएलडीएल ४७.६, एलडीएल ११४. एसजीपीटी ५८, एसजीओटी ३९, प्लेटलेट २ लाख ६० हजार, एचबीएवनसी ५.९. कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे तर लिव्हरमधे चरबी आली कुठून? ऑफिसमधला एकजण म्हणतो हल्ली सगळ्यांचीच सोनोग्राफी अशी येते, सोडून दे. मी मात्र तेव्हापासून तेल तूप सगळं बंद केलंय. दुसरं, आईला (वय ६८, शुगर आहे) कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, तिलाही फॅटी लिव्हर निघालं. गोळीने लिव्हर खराब होतं म्हणतात, बंद करू का? आणि बहिणीने लिव्हर साफ करायचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून दिल्यात, चालू करू का?"

दादा, सगळे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, नाहीतर "रिपोर्ट थोडा वरखाली आहे, काय करू" एवढ्यावर लोक उत्तर मागतात आणि मग माझ्याकडे देण्यासारखं काही नसतं.

आधी त्या ऑफिसमधल्या मित्राचं बोलू. सगळ्यांचीच अशी येते हे त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आपल्याकडे फॅटी लिव्हर खरंच खूप आहे, इतकं की केंद्र सरकारने २०२१ मधे शुगर, बीपी, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. पण खूप जणांना आहे म्हणून सोडून द्यायचं हे कुठलं गणित? आणि सोनोग्राफीबद्दल उलटंच आहे. लिव्हरमधे पाच टक्क्यांच्या वर चरबी झाली की फॅटी लिव्हर म्हणतात, आणि सोनोग्राफीला साधारण वीस तीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच ती नीट दिसायला लागते, त्यामुळे थोडी चरबी तिच्या नजरेतून सुटू शकते. तुमची दिसलीय, ग्रेड २ दिसलीय, म्हणजे बऱ्यापैकी आहे असं धरून चला.

आता मुख्य प्रश्न, कोलेस्टेरॉल नॉर्मल मग चरबी कशी. तुम्ही रिपोर्टची पहिली ओळ वाचलीत आणि थांबलात, जवळपास सगळेच असं करतात, आणि लॅबवालेही ती ओळ काळ्या अक्षरात छापतात ना, लाल नाही, म्हणून माणूस निवांत होतो. पण टोटल कोलेस्टेरॉल ही बेरीज आहे. तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३४ आहे, पुरुषांना निदान ४० हवं. ते कमी असल्यामुळेच बेरीज दोनशेच्या आत राहिलीय. हेच एचडीएल ५० असतं आणि बाकी सगळं असंच असतं तर टोटल २१२ दिसलं असतं आणि तुम्ही घाबरून लगेच डॉक्टरकडे गेला असतात, खरं तर तेव्हा तुमची तब्येत आत्तापेक्षा बरी असती. कळलं का गंमत?

म्हणून एक वजाबाकी करा, लॅबने दिली नसेल तरी घरी होते. टोटलमधून एचडीएल काढा, १९६ वजा ३४, झाले १६२. याला नॉन-एचडीएल म्हणतात, रक्तवाहिन्यांना त्रास देणारे जेवढे कण आहेत त्या सगळ्यांमधलं मिळून कोलेस्टेरॉल यात येतं. हे १३० च्या आत असलेलं बरं. आता १६२ ला ३४ ने भागा, साधारण पावणेपाच येतात. हा जो रेशो आहे, वाईट सगळं भागिले चांगलं, त्यावर गेल्या काही वर्षात चीन आणि अमेरिकेत मोठमोठ्या सर्वेक्षणांचा डेटा तपासला गेला आणि रेशो जितका जास्त तितकं फॅटी लिव्हर जास्त असं पुन्हापुन्हा दिसलंय. याचा अर्थ रेशोमुळे लिव्हर खराब होतं असा नाही हां, दोघंही एकाच मुळातून येतात, आणि अमुक आकड्याच्या वर गेलं की झालंच अशी सर्वमान्य रेघही कुणी मारलेली नाही. पण तुमच्यासारख्याच्या रिपोर्टमधे जे टोटलमागे लपतं ते इथे उघडं पडतं, म्हणून मला तो आवडतो.

यातलं मूळ ट्रायग्लिसराइडमधे आहे, ते २३८, हवं १५० च्या आत. ही चरबी रक्तात आणून सोडतं कोण? उपाशीपोटी सँपल दिलं असेल तर मुख्यतः लिव्हरच. लिव्हरमधे चरबी साठली की ते गप्प बसत नाही, जमेल तेवढा माल बाहेर पाठवत राहतं. व्हीएलडीएल म्हणजे लिव्हरने चरबी भरून रक्तात सोडलेले ट्रक समजा. तुमच्या रिपोर्टमधलं ४७.६ बहुतेक कुणी मोजलेलंही नाही, २३८ ला पाचने भागून लिहिलंय (करून बघा, बरोब्बर तेवढंच येतं), एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसुद्धा बऱ्याच लॅबमधे असंच वजाबाकीतून काढतात, १९७२ चं सूत्र आहे ते, ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की चालत नाही. तर हे चरबीने भरलेले कण रक्तात फिरता फिरता एचडीएलच्या कणांशी देवाणघेवाण करतात, आपली चरबी त्याला देतात आणि त्याचं कोलेस्टेरॉल घेतात, असं चरबी भरलेलं एचडीएल मग शरीर लवकर मोडून टाकतं. म्हणून ट्रायग्लिसराइड चढलं की एचडीएल उतरतं, ही जोडी आहे, वेगवेगळे दोन आजार नाहीत. एलडीएलचे कणही याच भानगडीत बारीक आणि घट्ट होतात, आणि ते जास्त त्रासदायक, भले त्याचा आकडा ११४ असा साधाच दिसू दे.

म्हणजे तुमचा लिपिड रिपोर्ट आणि सोनोग्राफी एकमेकांच्या विरोधात नाहीतच, दोन्ही एकच गोष्ट सांगतायत.

मग चरबी लिव्हरमधे शिरली कुठून, कारण तुम्ही तेल तूप बंद केलंत म्हणजे तुमचा संशय तिकडे दिसतोय. अमेरिकेत मिनेसोटाच्या संशोधकांनी २००५ मधे फॅटी लिव्हर असलेल्या मोजक्या रुग्णांवर खुणा केलेले अणू वापरून हे शोधलं होतं. लिव्हरमधल्या चरबीपैकी साधारण ५९ टक्के अंगावरच्या, पोटावरच्या साठ्यातून सुटून आलेली, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर आणि पिठूळ पदार्थांपासून बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. रुग्ण थोडे होते आणि चांगले लठ्ठ होते, त्यामुळे तुमचा हिशोब अगदी तसाच असेल असं नाही, पण दिशा कळते. इन्सुलिन नीट काम करत नसलं की पोटावरची चरबी धरून ठेवली जात नाही, ती सुटून लिव्हरकडे जाते, आणि तेच जास्तीचं इन्सुलिन लिव्हरला मात्र सांगत राहतं की साखरेची चरबी बनव. दोन्हीकडून मार. तुमचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९ आहे ते याचीच खूण, ५.७ ते ६.४ म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, पत्रात तुम्ही त्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या आकड्याची वाटली.

"मला कोणी जाडा म्हणत नाही" याबद्दल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आपली शरीरं अशीच आहेत, हातपाय काटकुळे आणि चरबी आत पोटात. तुमचा बीएमआय २४ च्या थोडा वर येतो आणि आपल्यासाठी २३ च्या पुढे जास्तच धरतात. वजनकाटा सोडा, शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून बेंबीच्या जवळपास कंबर मोजा, पँटचा नंबर सांगू नका कारण पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर, म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या वर असेल तर तिकडेच लक्ष द्यायचं. (वहिनींचीही मोजा, बायकांसाठी ८०.)

दारू पीत नाही तरी कसं, हे तर आता विचारायलाच नको. २०२३ मधे जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराचं नावच बदललं, आधी "दारूशिवायचं" असं नकारार्थी नाव होतं ते काढून चयापचयाशी जोडलेलं नाव दिलं. त्याच्या निकषांत पाच गोष्टी आहेत, वजन किंवा कंबर, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, आणि लिव्हरला चरबी असताना यातली एक जरी बिघडलेली असली तरी पुरे. तुमच्या चार आहेत, बीपी तुम्ही लिहिलंच नाहीत.

इतकं घाबरवलं, आता धीर देणारी गोष्ट. चरबी असणं एक आणि त्यामुळे लिव्हरला सूज येऊन जखमेसारखे व्रण पडणं, म्हणजे फायब्रोसिस होणं, दुसरं. पुढचं सगळं त्या व्रणांवर ठरतं, ग्रेड १ की २ यावर नाही, हे कुणी सांगतच नाही आणि लोक ग्रेडचा आकडा धरून बसतात. त्यासाठी एक फुकटातला हिशोब आहे, फिब-४. (त्यातली एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एंझाइम, लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतात.) वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमचं मी काढलं : ४२ गुणिले ३९ म्हणजे १६३८, आणि खाली २६० गुणिले ७.६, एकूण उत्तर ०.८ च्या आसपास. १.३ च्या खाली असलं की मोठे व्रण असायची शक्यता बरीच कमी. त्यामुळे आत्ता रात्री झोप उडवून घ्यायची गरज नाही. तरी एसजीपीटी वाढलेलं आहे तर फिजिशियनना दाखवून एकदा हेपटायटिस बी आणि सी तपासून घ्या, तेवढं राहून जायला नको, आणि फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करायची का ते त्यांना ठरवू द्या. आणि हो, अशा लोकांचा जीव लिव्हरपेक्षा हृदयाने जास्त वेळा जातो, म्हणून तो १६२ चा आकडाही त्यांना दाखवा, घरात कुणाला लवकर अटॅक आला असेल तर तेही सांगा.

आईंची गोळी. बंद करू नका. हे ठळक अक्षरात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, लिव्हर खराब होतं ही भीती इतकी पसरलीय की लोक परस्पर गोळ्या बंद करतात आणि मग अटॅक घेऊन येतात. फॅटी लिव्हर असताना स्टॅटिन चालतं, एंझाइम थोडे वाढलेले असले तरी चालतं, नॉर्मलच्या तिप्पट वर गेले तर डॉक्टर विचार करतात. ग्रीसमधल्या एका अभ्यासात तर, २०१० मधे लॅन्सेटमधे आला होता तो, लिव्हरचे आकडे थोडे बिघडलेल्या हृदयरोग्यांमधे स्टॅटिन घेणाऱ्यांचे आकडे सुधारले, आणि अटॅक वगैरेही कमी झाले. लिव्हर पार निकामी झालेलं असेल, पोटात पाणी, कावीळ, तर वेगळी गोष्ट, तिथे डॉक्टर बघूनच ठरवतील. आईंना शुगर आहे आणि वय ६८, म्हणजे व्रणांची तपासणी तुमच्यापेक्षा त्यांची जास्त गरजेची आहे, त्यांचाही फिब-४ काढून घ्या, पासष्टच्या पुढे १.३ ऐवजी २ ची रेघ धरतात. आणि एक सावधगिरी, लिव्हर फारच थकलं तर ते कोलेस्टेरॉल बनवणंच कमी करतं, तेव्हा रिपोर्ट आपोआप "सुधारतो". गोळीत बदल नाही, खाण्यात बदल नाही, आणि वर्षभरात कोलेस्टेरॉल धाडकन खाली आलं, तर खूश होण्याआधी विचारा.

काढा आणि कॅप्सूल. बहिणीने प्रेमाने दिल्यात, मान्य, पण नको. लिव्हर धुवून काढणारं काही नसतं, ते स्वतःच शरीराची धुलाई करतं. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे ढोसून लिव्हरला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मधे नोंदवले होते, त्यावर आयुष मंत्रालयाने हरकतही घेतली, वाद झाला, पण बाटलीत नेमकं काय आणि किती हे आपल्याला माहीत नसताना आधीच सुजलेल्या लिव्हरवर प्रयोग कशाला? हळदीचं म्हणाल तर सांगलीकराला हळद खाऊ नको असं मी कशी सांगेन, भाजी आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूलमधली हळद म्हणजे कित्येक पट कडक अर्क, वर ती अंगात जास्त शोषली जावी म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला, आणि तशा गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस अमेरिकेत २०२२ मधे छापून आल्यात. परत करता येत असतील तर परत करा.

मग करायचं काय. तेल तूप बंद केलंत, बरं, पण त्याच्या जागी काय खाताय ते लिहिलं नाहीत, आणि माझा अनुभव असा की तेल बंद करणारा माणूस चहाबिस्किटं, टोस्ट, डाएट चिवडा आणि मुरमुऱ्यावर येतो. भडंग हलकं म्हणून भरपूर खाल्लं जातं, पण ते भातच आहे की, फुगवलेला. शेंगदाण्याचं तेल मापात घाला, मूठभर शेंगदाणे खा, त्याने काही लिव्हर बुडत नाही. मोजायचंय ते चहा मोजा. बँकेतला चहा म्हणजे टेबलावर येतो, नको म्हणायचं राहून जातं, मशीनचा असेल तर साखर आधीच घातलेली. दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे धरले तर दहा चमचे साखर झाली, चाळीस ग्रॅमच्या वर, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते पंचवीसच्या आत राहिलात तर उत्तम. गूळ घातला तरी हिशोब तोच बरं का, आणि उसाचा रस, पॅकबंद ज्यूस, कोल्ड्रिंक हे तर सरळ लिव्हरवरच जातं, त्यातलं फ्रुक्टोज (साखरेचाच एक प्रकार) बरंचसं लिव्हरमधेच जिरतं आणि चरबी व्हायला वेळ लागत नाही. तासगावचा बेदाणा घरात डबा भरून असेल तर चार दाणे, मूठ नाही. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर प्या, कॉफी पिणाऱ्यांमधे लिव्हरचे व्रण कमी दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आलंय.

जेवणात भात नि चपाती दोन्ही भरपूर असं नको, एकाला हात आखडता. उसळ, डाळ, दही, अंडं, मासे यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात पाहिजे. ज्वारीची भाकरी छान पण चार खाल्ल्या तर ती काही औषध होत नाही. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत जमलं तर बघा, ऑफिसातून उशीर होतो हे माहितीय मला.

वजन किती उतरवायचं ते ऐकून बरं वाटेल. तीन ते पाच टक्के उतरलं की लिव्हरची चरबी कमी व्हायला लागते, सात टक्क्यांच्या पुढे सूजही उतरते. तुमच्या ६८ वर म्हणजे दोन ते पाच किलो, त्यासाठी वीस किलोचा डोंगर चढायचा नाहीये. पण आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास, उपाशी राहून महिन्यात दहा किलो वगैरे प्रकार केलेत तर लिव्हरची सूज वाढते आणि पित्ताशयात खडे होतात ते वेगळंच. रोज अर्धा तास भरभर चालणं, बोलताना दम लागेल इतपत, आणि आठवड्यातून दोनदा बैठका, जोर, काहीतरी वजन उचलणं. काटा हलला नाही तरी व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते, म्हणून महिन्याने वजन तेवढंच दिसलं तर सोडून देऊ नका, टेप बघा.

औषधांचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण कुणीतरी नाव सुचवणारच. सॅरोग्लिटाझार नावाची आपल्याच देशात निघालेली गोळी आहे, फॅटी लिव्हरसाठी २०२० पासून मंजूर आहे, आणि अमेरिकेत २०२४ मधे रेसमेटिरॉमला परवानगी मिळाली, पण ती व्रण पडलेल्यांसाठी. तुमच्या आकड्यांवर पहिली पायरी गोळीची दिसत नाही मला, पुढचं डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाल्याकडून परस्पर काही घेऊ नका.

तीन महिन्यांनी लिपिड, एसजीपीटी, एसजीओटी, एचबीएवनसी परत करा आणि शक्यतो त्याच लॅबमधे. सोनोग्राफीची घाई नको, सहा महिने ते वर्षाने केली तरी चालेल, कारण ग्रेड बघणाऱ्याच्या नजरेवर थोडाफार बदलतो आणि उगाच मनाला लागतं. रक्त द्यायला दहा बारा तास उपाशी जा, पाणी चालेल. आणि आदल्या रात्री कुणाच्या लग्नाचं जेवण असेल तर तारीख पुढे ढकला, एचडीएलला एका जेवणाने फार फरक पडत नाही पण ट्रायग्लिसराइड जिलबी मठ्ठ्याने सहज चढतं, मग तीनशेचा आकडा बघून परत मलाच पत्र लिहाल.